खांबाला टेकलेलं कपाळ

या गं, पुढे सरका, इथे माझ्याजवळ बसा. बुवांना शारजाच्या या अल मजाजमध्ये पार्किंग मिळेपर्यंत एक गोष्ट आरामात सांगून होईल. मघाशी ईशानी विचारत होती, सतरंजीखाली ही प्लायवूडची फळी कशाला घातलीय म्हणून. त्या फळीचीच गोष्ट.

आमचे हे, उल्हास, मंडळ सुरू झाल्यापासून इथे पखवाज वाजवतात. एरवी इंडस्ट्रियल एरियात जनरेटर दुरुस्त करायचे आणि एकादशीला पखवाजावर बसायचं. त्या जनरेटरांनीच त्यांचे कान खाल्ले. कानाला मशीन लावलं, पण टाळ वाजायला लागले की त्यातून खडी ओतल्यासारखा आवाज येतो म्हणतात. म्हणून कीर्तनाला बसताना ते काढून खिशात.

गेल्या वर्षी एका एकादशीला गुणवंतबुवांनी निरूपण सुरू करायला हात वर केला. टाळ थांबले, वीणा थांबली, आणि हे डोळे मिटून वाजवतच राहिले. कुणी वाईट अर्थाने हसलं नाही. बुवा तर म्हणाले, "उल्हासराव, देव अजून ऐकतोय, चालू द्या." पण घरी येऊन ह्यांनी पखवाजाला खोळ घातली.

"खलास," म्हणाले. "जपानची ट्रिप झाली की मंडळातल्या प्रणवला देऊन टाकतो. त्याचा हात चांगला आहे."

एकादशीला, आवाज घुमावा म्हणून पखवाजाला लावायचा कणकेचा गोळा मी आठवणीने मळून द्यायची. तेही बंद झालं. पोळ्यांच्या कणकेला हात लावला की मला तो गोळा आठवायचा.

जपान हे आमच्या लेकीचं, पर्णिकेचं वेड. अबुधाबीला अल रीम आयलंडवर राहते, आर्किटेक्ट आहे, सुट्टी मिळाली की जुनी लाकडी बांधकामं बघत फिरते. तिने आम्हाला शहरं सोडून एका खेड्यात नेलं. भाताची कापणी नुकतीच झालेली. वास असा, की डोळे मिटले असते तर मी संगमेश्वरलाच उतरले असते. गावाच्या मधोमध दगडी जोतं, त्यावर लाकडी मनोरा आणि वर मोठं घड्याळ. घड्याळ यायच्या आधी म्हणे इथे ढोल वाजवून गावाला वेळ सांगत.

मला काय, जोतं दिसलं, उतरती कौलं दिसली, वर बघत उभी राहिलेली माणसं दिसली. चपला काढल्या आणि प्रदक्षिणा सुरू केली.

"आई, धिस इज नॉट अ टेंपल," पर्णिका कुजबुजली.

"गावाची वेळ सांभाळतो ना? मग झालं."

हेही माझ्यामागून निघाले. आणि ह्यांच्यामागून मनोऱ्याची देखभाल करणाऱ्या आजी, हातात झाडू तसाच. पाहुण्यांची रीत असेल, आपण कशाला मोडायची, असं वाटलं असावं त्यांना. पर्णिकेने कपाळावर हात मारला.

प्रदक्षिणा झाली आणि ह्यांनी देवळात टेकावं तसं कोपऱ्यातल्या खांबाला कपाळ टेकलं. तेवढ्यात वर टोले पडायला लागले. टोले संपले तरी हे कपाळ उचलेनात. मला वाटलं, चक्कर आली. जाऊन खांद्याला हात लावला.

"अहो, काय होतंय?"

माझ्या ओठांकडे बघून म्हणाले, "अकरा वाजले."

कानाचं मशीन तर हॉटेलच्या खोलीत राहिलं होतं.

आजी आमच्याकडे बघतच होत्या. त्यांनी स्वतःच्या कानावर बोट ठेवलं, ह्यांनी हो म्हणून मान हलवली. तशा त्या आत गेल्या. आतल्या जुन्या ढोलावर त्यांनी एक ठोका दिला. ह्यांनी पुन्हा कपाळ टेकलं. दुसरा ठोका आला आणि पुढे ह्यांची बोटं खांबावर चालायला लागली. आजींनी ठोका द्यायचा, ह्यांनी मधली जागा भरायची. किती वेळ चाललं कोण जाणे. मग आजी दमून थांबल्या आणि ह्यांची बोटंही जागच्या जागी थांबली.

"बघितलंस?" म्हणाले. "थांबल्याचंही कळलं."

परत आल्यावर ह्यांनी पहिलं काय केलं असेल? आमच्या पलंगाची फळी काढली. इथल्या हॉलच्या फरशीतून काही कळत नाही, लाकूड पाहिजे, म्हणाले. गादी तेव्हापासून जमिनीवर आहे. फळी लिफ्टमधून आडवी-तिडवी करत प्रणवच घेऊन आला. "काका, पखवाज माझा होता होता राहिला," म्हणाला, आणि सगळ्यात खूश तोच होता.

परतल्यानंतरच्या पहिल्या एकादशीला मी कणकेचा गोळा मळून दिला. ह्यांनी टाळकऱ्यांना बजावलं, अनवाणी, आणि पाय टाकायचे ते फळीवरच. स्वतः फळीला पोटऱ्या टेकवून बसले. गजर चढत गेला. बुवांनी हात वर केला. टाळकऱ्यांचे पाय थांबले, आणि ह्यांचा हात पखवाजाच्या वर, हवेतच राहिला. डोळे मिटलेलेच होते. बुवांनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं. हसून मान डोलावली आणि निरूपणाला सुरुवात केली.

आले बघा बुवा, सरका, वाट द्या. एवढंच सांगते. त्या आजींचं नाव विचारायचं राहून गेलं. निघताना त्यांनी आमच्यासारखे हात जोडले आणि आम्ही त्यांच्यासारखे वाकलो, तेवढाच निरोप. आज गजरात ही फळी पायाखाली हलली की झाडू घेऊन आमच्यामागून फिरलेल्या त्या माउलीची एकदा आठवण काढा.