बँकॉकहून आणलेला चेहरा

मयुरीला पुन्हा ओकारी आली तेव्हा कुंताबाईने भांडं आधीच तिच्या हनुवटीखाली धरलेलं होतं. भांड्यात पडलं ते काळं होतं, चहाच्या चोथ्यासारखं. ऑपरेशन चालू असताना घशातून पोटात उतरलेलं रक्त असंच बाहेर येतं, हे नर्सने हातवारे करून समजावलं होतं. कुंताने भांडं धुतलं आणि ओल्या फडक्याने धाकट्या बहिणीचे ओठ टिपले.

"अजून येऊन राह्यली का?"

मयुरीला मान हलवता येत नव्हती. या कानापासून त्या कानापर्यंत डोक्यावर चीर होती आणि ती चीर लोखंडी टाचण्यांनी बंद केलेली होती. केसांतून दोन बारीक नळ्या बाहेर आल्या होत्या आणि त्यांच्या टोकांना लिंबाएवढे फुगे लटकत होते. ते रक्ताने भरले की कुंता ते संडासात पिळून रिकामे करी. भुवयांवरचं हाड घासून सपाट केलं होतं. जबड्याचे कोपरे तोंडाच्या आतून तासले होते आणि हिरड्यांवर टाके होते. तोंडाला वास मारत होता. तो वास आपल्याच तोंडाचा आहे आणि त्यापासून कुठे पळून जाता येत नाही, याचीच मयुरीला सगळ्यात जास्त शिसारी येत होती.

हे तिने स्वतः मागून घेतलेलं होतं. हैदराबादेत एका कंपनीत ती परदेशी घरांचे नकाशे काढायची. दोन हजार आठ साल होतं. कंपनीत तिला मयुरी म्हणायला लागून तीन-चार वर्षं झाली होती, हार्मोनच्या गोळ्या त्याच्याही आधीपासून चालू होत्या, पण रस्त्यावरचा माणूस आधी चेहरा पाहतो. नागभीडजवळच्या त्यांच्या गावात, मासेमार ढिवराच्या घरात, ती मुलगा म्हणून जन्मली. पंधराव्या वर्षी तिचं कपाळ पुढे यायला लागलं, जबडा रुंद झाला आणि बापाचा चेहरा तिच्या चेहऱ्यावर चढून बसला. तलावावर तोंड धुताना ती आधी पाणी ढवळायची, म्हणजे आत काही दिसत नसे. बँकॉकच्या डॉक्टराचं नाव तिला कॉम्प्युटरवर सापडलं. सोबत कोण येणार, हा प्रश्न होता. नागभीडच्या बाजारात मासोळी विकणारी, नागपूरच्या पुढे कधी न गेलेली विधवा बहीण म्हणाली, "मी येईन. विमानात मासोळी चालते का तेवढं विचार."

बँकॉकमध्ये कुंताला रक्ताची किळस आली नाही. तिला किळस आली ती न्हाणीतल्या टबाची. "आपल्याच मळात बसून आंघोळ करतात हे लोक," असं म्हणून ती टबाबाहेर उभी राहून मगाने पाणी घ्यायची. खाली रस्त्यावर सुकटीचा वास यायचा तेव्हा मात्र तिला घरी असल्यासारखं वाटायचं. मयुरीला त्याच वासाने मळमळायचं.

पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टर हसून इंग्रजीत सुंदर, सुंदर म्हणाला. मयुरी भिंत धरत न्हाणीत गेली आणि आरशासमोर उभी राहिली. कोणी तलावात बुडालं की मढं काढायला ढिवरांनाच बोलावतात. तिच्या बापाने अशी कितीतरी काढली होती आणि लहानपणी तिने ती काठावर पडलेली पाहिली होती. आरशात तसंच एक होतं. डोळ्यांच्या जागी दोन चिरा, गाल जांभळे आणि तकतकीत, खालचा ओठ लोंबलेला, त्यावरून लाळ. लाळ गळते आहे हे तिला कळलंही नव्हतं, कारण ओठात जीवच नव्हता.

"बाई," ती बाहेर येऊन कुंताला म्हणाली, "मी काय करून घेतलं हे?"

"सूज हाय ते."

"अन् सूज गेल्यावरबी असंच राह्यलं तर?"

कुंताने तिच्या ओठावरची लाळ टिपली. मग म्हणाली, "तर असंच घेऊन राहू. आता पेज पे."

टाचण्या काढल्यावर दोघी हैदराबादला उतरल्या. मयुरीला अजून चावता येत नव्हतं, चक्कर यायची, एकटीने राहणं शक्य नव्हतं. कुंताला घर सोडून फार दिवस झाले होते. तेव्हा दोघी गावालाच निघाल्या. बल्लारशाला गाडी बदलली आणि गोंदियाच्या पॅसेंजरमध्ये मयुरी तोंडाला ओढणी बांधून खिडकीशी बसली. समोरची म्हातारी म्हणाली, "नवऱ्यानं मारलं काय, बाई?" मयुरीने होकारार्थी मान हलवली. म्हातारीने मूल स्टेशन येईपर्यंत त्या नवऱ्याला शिव्या घातल्या. तोंड सुजण्याचं हे कारण कोणालाही चालण्यासारखं होतं.

घरी तिचा बाप गोविंदा अंगणात जाळं विणत बसला होता. मुलीने ओढणी सोडली. बापाने एकदा पाहिलं आणि नजर जाळ्यावर आणली.

"माह्यावानी होतं ते तोंड," तो म्हणाला. "तेच काढून टाकलं काय."

मयुरीची खाट त्याने सांदवाडीत, मागच्या छपराखाली, सावलीला नेऊन टाकली आणि पुढचे सगळे दिवस तो तिच्याकडे न पाहता तिच्याभोवती वावरत राहिला.

बायका बघायला येऊ लागल्या. कुंता चहा द्यायची. चहात टोस बुडवत एक म्हणाली, "काय कापलं अन् काय ठेवलं, सांग ना." दुसरीने, मासोळी ताजी आहे का पाहायला कल्ला उचलावा तसं, हनुवटीला बोट लावून मयुरीचं तोंड वर केलं. जाताना दोघींनी नळावर हात धुतले. बांगड्यांपर्यंत चोळून धुतले. मयुरी खाटेवरून पाहत होती. स्वतःच्या चेहऱ्याची किळस निदान स्वतःची होती. ही दुसऱ्यांची, तिच्या अंगावर आणून टाकलेली.

त्याच आठवड्यात आईची तिथी होती. चार घरांना जेवण सांगायचं होतं आणि गुणवंतरावांना सांगितल्याशिवाय चालणारच नव्हतं. ते गोविंदाचे मोठे चुलतभाऊ. गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्षही तेच. तलावात कोणाचं जाळं कधी पडेल हे ते ठरवत. ते गोविंदाच्या दारातच उभे राहून म्हणाले, "येईन. पण वाढणारी कुंता पाहिजे. त्याच्या हातचं पाणीबी आपल्याले चालत नाई. समाजात तोंड दाखवा लागते, गोविंदा."

गोविंदा म्हणाला, "हो भाऊ."

मयुरीने ते मागून ऐकलं. जेवणाच्या दिवशी ती सांदवाडीतच बसून राहिली. पुढे पळसाच्या पत्रावळी मांडल्या जात होत्या, भाताचा वास येत होता. गुणवंतराव पान मांडल्यावर हात धुवायला मागे आले. तंबाखूचा खर्रा थुंकून चूळ भरली आणि खाटेजवळ येऊन थांबले.

"पाहू दे," ते म्हणाले. आवाज बदलला होता. "मस्त बनवलं गा परदेशात. सूज उतरली की कोणी वळखणार नाई."

त्यांनी अंगठा तिच्या खालच्या ओठावरून फिरवला. ओठ बधिर होता. खर्ऱ्याने लाल झालेलं ते नख आपल्या ओठावर फिरताना मयुरीला दिसलं, पण काहीच जाणवलं नाही. जणू दुसऱ्या कोणाच्या तोंडावर ते चाललं होतं. मग हात ब्लाउजवर उतरला. तिथे जाणवलं.

"एखाद्या दुपारी सोसायटीच्या खोलीवर ये. कोणाले समजत नाई."

मयुरी उठली. भिंतीला धरून ती मधल्या घरातून पुढे आली. पंगत बसलेली होती. गोविंदा डाळीचं भांडं घेऊन वाढायला वाकला होता. सुजलेल्या तोंडातून शब्द नीट निघत नव्हते, म्हणून ती सावकाश बोलली.

"काकाले माह्या हातचं पाणी चालत नाई. मागं येऊन अंगाले हात लावलेला चालते."

गुणवंतराव रुमालाने हात पुसत तिच्यामागून आले. "सुजेनं डोकं फिरलं तिचं," ते म्हणाले. आजवर ते 'त्याचं' म्हणत आले होते.

गोविंदाने भांडं खाली ठेवलं. "कुठी लावला?" त्याने विचारलं. पुढे कोण बसलंय हे त्याने पाहिलं नाही.

मयुरीने ओठ दाखवला. मग छातीवर हात ठेवला.

गोविंदाने पंगतीतलं पहिलं, गुणवंतरावांचं पान उचललं, वाढलेल्या भातासकट घडी घातली आणि दाराबाहेर कुत्र्यापुढे टाकलं.

"उठा भाऊ. म्हणजे बसूच नका."

"गोविंदा, विचार कर. उद्या जाळं कुठी टाकशीन?"

"टाकीन कुठीबी."

गुणवंतराव गेले. त्यांच्यामागे तिघे-चौघे उठले. बाकीचे मान खाली घालून जेवले, आणि त्यांनी भात मागून घेतला, हे मयुरीला फार दिवस आठवत राहिलं. ती मागे गेली आणि सकाळची सगळी पेज तिने ओकून टाकली. साबण लावून ओठ घासला. ओठाला कळत नव्हतं म्हणून घासतच राहिली आणि आतल्या हिरडीच्या टाक्यातून रक्त आलं. कुंताने साबण हिसकून घेतला.

थोड्या वेळाने बाप आला. त्याने ओकारीवर माती टाकली, वरून पाणी ओतलं. मग तिच्याकडे पाठ करून म्हणाला, "खोटं कायले बोलू. मले तुया तोंडाकडे पाहवत नाई. पण त्याच्या तोंडाकडे तर आता थुंकवतबी नाई."

मयुरी म्हणाली, "मले चालते, बाबा." आणि ते खरंही होतं. इतक्या दिवसांत बापाने तिच्याशी सरळ बोललेलं तेवढंच एक वाक्य होतं.

गुणवंतरावांनी गोविंदाची तलावात जाळं टाकायची पाळी काढून घेतली. तो वैनगंगेवर जाऊ लागला. मार्कंड्याच्या बाजूला ओळखीच्या ढिवरांच्या डोंग्यात चार-चार दिवस राहायचा. कुंता नागभीडऐवजी दुसऱ्या बाजारात बसू लागली. मयुरी हैदराबादला परतली. सूज हळूहळू उतरली, कपाळ मोकळं निघालं, दाढा चावू लागल्या. ओठ मात्र डावीकडे बधिरच राहिला. रस्त्यावरचे लोक आता तिच्याकडे वळून पाहत नव्हते. कधी पाहिलंच तर पुरुष बाईकडे पाहतात तसं पाहत, आणि तिला आधी तो अंगठा आठवायचा. डॉक्टराने हाड तासलं, त्याबरोबर हे पदरात पडेल असं कोणी सांगितलं नव्हतं.

दीड वर्षाने तिला फोन आला. "पोरी," पलीकडून गुणवंतराव म्हणाले, जणू रोज बोलत असल्यासारखं, "आपली नात डिंपल नर्सिंगच्या परीक्षेले हैदराबादले येऊन राह्यली. तुयाशिवाय तिथी आपलं कोण हाय? मी आणून सोडतो. दोन दिवस मीबी राहीन. अन् गोविंदाच्या पाळीचं पाहून घेऊ."

मयुरीच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. ती म्हणाली, "नात येऊ द्या. तुम्ही आले तर दार उघडणार नाई. अन् पाळीचं बाबांनाच विचारा."

त्यांनी खरंच विचारलं. गोविंदाने कुंताकरवी निरोप धाडला की नदीत मासोळी मस्त हाय.

डिंपल एकटी आली. अठराची, अंगाने बारीक, पाठीवर मोठी बॅग. मयुरीने वाढलेलं ती मुकाट जेवली, तिच्याच हातून दोन पेले पाणी प्यायली. मयुरीला तिच्यात सारखे त्या म्हाताऱ्याचे कान दिसत होते, आणि या पोरीला आपण घरात का घेतलं, असंही वाटत होतं.

"आजोबा सोडाले येतो म्हणत होते ना?" तिने विचारलं.

"हो. मीच नको म्हटलं."

"काऊन?"

डिंपलने ताटातला शेवटचा घास गोळा केला, पण तोंडात घातला नाही.

"त्या दिवशी जेवाले मीबी होती, बाई. तुम्ही बोलल्या, तवा मले समजलं का असं सांगता येते."

मयुरीला पुढे विचारायची गरज पडली नाही. ती उठून मोरीपाशी जाऊन उभी राहिली, पण ओकारी आली नाही. परत आली तेव्हा डिंपल दोन्ही ताटं घासून पालथी घालत होती.

"परीक्षा झाल्यावर गावाले जाशीन?"

"नाई."

"बरं," मयुरी म्हणाली, आणि तिने कपाटातून दुसरी गादी काढली.