काचेआडची कुंडी

डोळे मिटा बघू जरा. समजा, तुम्ही जमिनीवर पालथे पडला आहात. हनुवटीखाली एका विहिरीचा दगडी काठ आहे. पाठीला चैत्राचं ऊन चटके देतंय आणि तोंडावर मात्र खालून गार हवा येतेय. खाली अंधार आहे. इतका, की डोळे उघडे ठेवून काही उपयोग नाही. म्हणून कान लावा.

"आलं का आयकू?" उखर्डूआबांनी विचारलं.

"कुछ भी नहीं आ रहा," त्यांची हिंदी शाळेत जाणारी नात हिमानी म्हणाली.

"तुझाच श्वास तुले आयकू येऊ राहिला. तो थांबव."

हिमानीनं श्वास रोखला, आणि मग तो आवाज आला. खळखळ नव्हती. कुणीतरी अंधारात अनवाणी, सावकाश, न थांबता चालत जावं, तसं काहीतरी होतं.

"कोण आहे आबा?"

"पाणी आहे. सातपुड्यातून येऊ राहिलं. मोटर नाही, पंप नाही. उतारानं आपलं चाललं बऱ्हाणपुराकडे."

हा कुंडी भंडारा. डोंगरात झिरपलेलं पाणी जमिनीखालच्या एका बोगद्यात गोळा होतं आणि शहराकडे जातं. बोगद्याला हवा मिळावी म्हणून वाटेवर ओळीनं विहिरीसारखी तोंडं आहेत, त्या कुंड्या. मोगलांच्या काळात कुणी हे खणलं, आणि ते पाणी अजून चालतंच आहे. आबांचे वडील कौतिकबुवा या बोगद्यात उतरून गाळ काढत. आबा दहा वर्षांचे असताना कंदील धरायला त्यांच्याबरोबर खाली गेले होते.

"आत कसं दिसतं?" हिमानीनं विचारलं.

आबा म्हणाले, "भिंती पांढऱ्या. लोण्याच्या वाटतीन. हात लावला का दगड. बाप पुढं, पाणी पोटरीएवढं, अन् कंदिलाचा उजेड त्या भिंतीवर असा हाले... जाऊ दे. सांगता नाही येत. म्हणून तर ते काम घेतलं."

ते काम असं होतं.

उखर्डूआबांनी जन्मभर बऱ्हाणपुरात शनवारा भागातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये कुलर दुरुस्त केले आणि रंगवले. उन्हाळा आला की शेडसमोर कुलरच्या पेट्यांची रांग लागायची. आता घरोघरी एसी झाले आणि रांग संपली. तरी आबा रोज सकाळी शेड उघडत, झाडून काढत आणि स्टुलावर बसत. एके दिवशी शेजारच्या गल्लीतला निरंजन एक मोठी लोखंडी पेटी घेऊन आला. तिची एक बाजू काचेची होती.

"काका, ही रंगवायची आहे. कंप्युटरचं कॅबिनेट आहे."

"कोणता रंग देऊ? हिरवा?"

"कुंडी भंडाऱ्याचा."

आबांची बायको धुरपदाबाई दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "घ्या! कुलर सरले, आता पेटीत कुंड्या भरा."

"काकू, तुम्ही कुलरच समजा याला," निरंजन हसून म्हणाला. तो शाळेच्या मुलांसाठी कंप्युटरवर हलती चित्रं बनवायचा. या वेळी त्यानं अख्खा बोगदा बनवायला घेतला होता. लांब खकनार गावच्या शाळेत बसलेलं मूलही पडद्यावर त्यातून चालत जाऊ शकेल, असा. "पण काम जड आहे. आपल्या गरमीत माझा कंप्युटर अर्ध्या तासात बंद पडतो. म्हणून याला पाण्यानं गार ठेवायचं."

"आत पाणी? कंप्युटरच्या?" हिमानी पुढे आली.

"हो ना. हे बघ, याची चिप तव्यासारखी तापते. तिच्यावर ही तांब्याची चकती बसवायची. चकतीच्या पोटात केसाएवढ्या बारीक नाल्या आहेत. पाणी त्यातून जाताना गरमी उचलतं, नळीतून वर या जाळीत येतं, पंखे ती गरमी बाहेर फेकतात, आणि गार झालेलं पाणी परत चिपकडे जातं."

"म्हंजे सरत नाही," आबा म्हणाले.

"सरत नाही. फिरत राहतं."

"अन् एखादा थेंब बाहेर पडला तं?"

"तर राम राम."

आबांनी पेटीवर हात फिरवला. "गरम हवा वरून जाणार नं? मंग झाकणावर कुंड्याच कर. ओळीनं. खरी कुंडी बी हवेसाठीच आहे." आणि हळूच म्हणाले, "आतली भिंत मी करतो. ते डोळ्यानं पाहेल माणूस आता मीच उरलो."

मुलांनो, रंग देणं म्हणजे फवारणी मारून मोकळं होणं नव्हे. आबांनी आधी पत्रा घासला, अस्तर दिलं. मग लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचा लेप, पातळ करून इंजेक्शनच्या सुईतून थेंबथेंब सोडली. एक थेंब वाळला की त्याच्यावर दुसरा. थेंबांचे ओघळ झाले आणि ओघळांच्या झालरी झाल्या. पांढरा रंग त्यांनी चार वेळा पुसून काढला.

"अच्छा तो दिख रहा है आबा," हिमानी म्हणायची.

"हा दवाखान्याचा पांढरा आहे. मले कंदिलातला पाहिजे."

"जेवायला या, कंदील!" आतून धुरपदाबाई ओरडायची. "त्या पेटीले तरी बोलवा, तिचं पोट भरलं नसीन तं."

शेवटी पांढऱ्यात त्यांनी हळदीसारखा पिवळा रंग बोटभर मिसळला, भिंतींवर फवारला, आणि दिवा लावून बघितलं. मग ते स्टुलावर बसून राहिले. हिमानीनंही वाकून पाहिलं. पेटी वीतभर रुंद होती, पण आत नजर गेली की ती खोल खोल जात होती. तिला एकदम वाटलं, वळणाच्या पलीकडे आत्ता कुणीतरी कंदील घेऊन गेलं.

निरंजननं शेडमध्येच त्यात कंप्युटर बसवला. काचेसारख्या नळ्या गरम करून वाकवल्या, पांढऱ्या भिंतींच्या मधून नेल्या. खाली पंप, त्याच्या शेजारी पाण्याची उभी टाकी. सगळं जोडून झालं तो दिवस आखाजीचा होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. वर्षाचं पहिलं थंड पाणी आधी त्यांना, मग आपण. निरंजनच्या घरूनही जेवणाचं बोलावणं आलं.

"काका, हा कॅन ठेवलाय. बॅटरीत टाकतात तसलं पाणी आहे. मी आल्यावर भरू."

"तू जेवून ये बापा. मी भरतो. जन्मभर पंपात पाणीच भरलं मी."

निरंजन गेला. आबांनी कॅन उघडला, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग त्यांनी कोपऱ्यातला पितळी लोटा उचलला. पहाटेच ते भंडाऱ्यावर जाऊन तो भरून आले होते. लोट्यावर स्वच्छ फडकं बांधलेलं होतं.

"आबा, वह वाला नहीं..." हिमानी म्हणाली.

"याच्याहून चोख पाणी बऱ्हाणपुरात दाखव मले." आबांनी फडकं सोडलं. "बापाच्या नावानं इतकी भिंत केली, अन् आत दुकानातलं पाणी वाहीन? आज आखाजी आहे पोरी. पहिलं पाणी त्याचं. निरंजनले बोलू नको. हे आपल्या दोघांतलं."

त्यांनी धार इतकी सावकाश सोडली की टाकीत बुडबुडासुद्धा आला नाही. ओठ हलत होते. 'कौतिक' एवढंच हिमानीला ऐकू आलं.

निरंजन परत आला. नुसता पंप चालवून आणि प्रत्येक जोडाखाली कागदी रुमाल ठेवून त्यांनी रात्रभर वाट पाहिली. सकाळी एकही रुमाल ओला नव्हता. निरंजननं बटण दाबलं.

काय सांगू तुम्हाला! आत कंदिलाच्या रंगाचा उजेड लागला. पाणी नळ्यांतून निघालं, आणि त्याची सावली पांढऱ्या भिंतींवर हलायला लागली. अगदी तशी, आबांना सांगता येत नव्हती तशी. झाकणावरच्या कुंड्यांतून ऊबदार वारा आला. पडद्यावर बोगदा उघडला आणि निरंजन त्यातून पुढे पुढे गेला, अर्धा तास, तास, दोन तास. कंप्युटर बंद पडला नाही.

दुपारपर्यंत शनवाऱ्यातले शेजारी बघायला यायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी प्रत्येक जण चपला दाराबाहेर काढून आत येत होता. धुरपदाबाई आली, काचेसमोर उभी राहिली, आणि जन्मात पहिल्यांदा तिला टोमणा सुचला नाही. तिनं पदर डोक्यावरून घेतला. "मामंजी याच्यात जात?" एवढंच तिनं विचारलं.

आबांनी मान हलवली. संध्याकाळी निरंजननं पेटी आपल्या घरी नेली, आणि त्या दिवशी आबा सरळ ताठ चालत घरी गेले.

त्यानंतर चारपाच दिवसांनी एक जुना कुलर शेडमध्ये आला. पाणी वर चढत नव्हतं. आबांनी पंप काढून हिमानीच्या हातात दिला. "खरड."

पंपाच्या तोंडाशी पांढरी खपली बसली होती. हिमानीनं खिळ्यानं खरवडली. खपली निघेना, दगडासारखी घट्ट होती. शेवटी एक तुकडा तुटून तिच्या तळहातावर पडला. वरून लोण्यासारखा गुळगुळीत होता.

तिचा हात थांबला.

पाणी दगडातून येतं, तेव्हा थोडा दगड विरघळून त्याच्याबरोबर येतो. दिसत नाही. पाणी तापलं, उडालं, की तो मागे राहतो, थरावर थर बसतो. कुलरच्या पंपात बसतो तसा बोगद्याच्या भिंतींवरही बसला. भिंती तशाच तर पांढऱ्या झाल्या! आणि आता तेच पाणी केसाएवढ्या नाल्यांतून, तापलेल्या चिपवरून, रात्रंदिवस फिरत होतं.

सांगावं, तर आबांनी दोघांतली गोष्ट म्हणून टाकलेला विश्वास मोडतो, आणि ज्या कामानं ते ताठ चालायला लागले, त्यालाच डाग लागतो. नाही सांगावं, तर एक दिवस नाल्या बुजतील आणि कंप्युटर जळून जाईल. हिमानी त्या दिवशी गप्प राहिली. दुसऱ्या दिवशीही. धुरपदाबाईनं दोनदा कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

तिसऱ्या दिवशी ती तो तुकडा घेऊन आबांच्या स्टुलाशी बसली.

"आबा, हे काय असतं?"

"पाण्यातला दगड."

"मग कुंडीच्या भिंतींवर काय आहे?"

आबा हसत हसत म्हणाले, "तेच की. पाण्यातला..."

 त्यांनी तुकडा तिच्या हातातून घेतला, अंगठ्यानं चोळला. रस्त्यावरून केळ्यांचा ट्रक गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत ते तो चोळतच राहिले. मग उठले, टोपी घातली.

"चाल," म्हणाले. "तू बी चाल."

निरंजन आपल्या घरी कामात होता. आबा दारातच उभे राहिले. "बापा, बंद कर ते. त्याच्यात तुझं पाणी नाही. कुंडीचं आहे. मी भरलं."

निरंजननं वळून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं बटण दाबलं. आतला उजेड गेला, भिंतीवरची सावली थांबली. खोली एकदम नुसती खोली झाली.

"का भरलं, काका?"

"आखाजी होती. अन् माझा बाप होता." आबांचा आवाज बारीक झाला होता. "पंपातला दगड जन्मभर खरडला मी. पण हे पाणी... याच्याबद्दल तसं मनातच नाही आलं बापा."

निरंजननं नळी सोडून पाणी एका पातेल्यात काढलं. चकती खोलून भिंगाखाली धरली.  "अजून बसलं नाही फारसं," तो म्हणाला. "धुऊन निघेल. महिना गेला असता तर संपलं होतं." मग पातेल्याकडे बघून तो थबकला. "काका, घरी एखादा लोटा आहे का? हे कसं फेकू मी?"

हिमानी धावत जाऊन तोच पितळी लोटा घेऊन आली. पाणी त्यात भरून निरंजननं तो टेबलाखाली, भिंतीशी नीट ठेवला. चकती धुऊन परत बसवली, आणि कॅन उचलून आबांसमोर धरला.

"घ्या. तुम्हीच भरा."

"नको. माझा हात नको आता त्याच्यात."

"काका, भिंत तुमची आहे."

आबा पुढे आले नाहीत. दारात एक पाय आत, एक बाहेर, असे उभे राहिले. शेवटी निरंजननंच टाकी भरली. रुमाल ठेवून, तपासून, अंधार पडता पडता त्यानं बटण दाबलं. कंदिलाचा उजेड परत आला. पाणी निघालं. भिंतींवर सावली हलायला लागली, पहिल्यासारखीच. पाणी दुसरं होतं, पण भिंतींनी ते आपलं म्हटलं.

आबा मात्र अजून दारातच होते. खाली बघत होते.

तेव्हा हिमानी टेबलाजवळ गेली. पायाच्या बोटांवर उभी राहून तिनं झाकणावरच्या पहिल्या कुंडीच्या काठाला कान लावला. ऊबदार वारा गालाला लागला. तिनं श्वास रोखला. आत पाणी चाललं होतं.

मग कान न काढता ती थोडी बाजूला सरकली, दुसऱ्या कुंडीपाशी. पहिलीची जागा आबांच्या कानासाठी मोकळी झाली. आणि मागे न बघता, दाराच्या दिशेनं तिनं आपला हात लांब केला.