इवानोसेतले चार महिने

आभाने लॅपटॉपची वायर टीव्हीत खुपसली, त्या क्षणी या जपानच्या सहलीतून सुरेश दीक्षितच्या पदरात काय पडणार होतं ते आधी पाहू. निवृत्त होऊन पुण्याला परतण्याआधी बायको आणि मुलीबरोबर नऊ दिवस. त्यातले दोन खास त्याच्या लाडक्या इवानोसे गावात. त्या गावात सगळ्यांच्या पुढे चालण्याचा मान, कारण बाकीच्यांनी ते पाहिलेलं नव्हतं. धोका म्हटला तर एकच होता. ते गाव त्यानेही पाहिलेलं नव्हतं.

दुबईत, ऊद मेथाच्या त्या दिवाणखान्यात हे दोघांनाच ठाऊक होतं: सुरेशला, आणि सोफ्याच्या कडेला अळूवडीची बशी मांडीवर घेऊन बसलेल्या हर्बर्ट लोपीसला.

"बाबा, स्टार्ट करा ना," आभा म्हणाली. "युअर फेमस टूर."

"अगं, सगळ्यांना पाठ आहे," सुरेश म्हणाला आणि सांगायला लागला.

इवानोसे म्हणजे किल्ल्याच्या पायाशी वसलेलं छोटं शहर. टेकडीवर तीन मजली पांढरा किल्ला; मोठ्या शहरांतल्या किल्ल्यांपुढे अगदीच चिमुकला, पण गावातल्या कुठल्याही गल्लीतून मान वर केली की दिसणारा. खाली खंदक, खंदकात कासवं. त्याला लागून सामुराईंची जुनी वस्ती, मातीच्या भिंती, आणि शत्रूला सरळ धावत येता येऊ नये म्हणून मुद्दाम वाकड्या काढलेल्या गल्ल्या. मग व्यापाऱ्यांचा रस्ता, तिथे आंबवलेल्या सोयाबीनचा वास. नदीपलीकडे व्हॉल्व्हचा कारखाना. संध्याकाळी पाचला गावभरच्या कर्ण्यांतून एक संथ गाणं वाजे, मुलांनी घरी परतावं म्हणून. ते ऐकलं की देरा भागातली आपली खोली आठवायची, असं सांगून सुरेश दर वेळी इथे थांबे, आणि त्याचे डोळे ओले होत.

ते ओले होणं खोटं नव्हतं. इवानोसेहून आलेली चौदा पत्रं त्याने त्याच खोलीत, वरच्या बंकवर आडवं पडून वाचली होती.

"ऐकतोस ना?" सुझीने नवऱ्याला कोपर मारलं. "लोक जपानला जाऊन आले. आणि माझा माणूस ते चार महिने कुठे? फुजैरा!"

"फुजैराचा समुद्र बरा आहे," हर्बर्ट म्हणाला.

"वसईला काय समुद्र नव्हता?"

सगळे हसले. सुझीचा हा विनोद शारजात, रोल्लात, चर्चच्या पायऱ्यांवर, जिथे जाईल तिथे चाले, आणि हर्बर्टही दर वेळी हसे.

"आमच्या बाबांनी तर जपान ऐकूनच होकार दिला," विभावरी म्हणाली. "मुलाचा पगार विचारायचा विसरले."

गोष्ट अशी होती. ब्याण्णव साली कंपनीने माणसं कमी करायला घेतली होती. इवानोसेच्या कारखान्यात चार महिने शिकायला एकालाच पाठवणार, आणि जो जाईल त्याची नोकरी टिकणार, हे सगळ्यांना कळत होतं. नाव निघालं सुरेशचं. बातमी पुण्याला पोचली, विभावरीच्या घरून पसंती आली. खोलीतल्या खालच्या बंकवर हर्बर्ट होता. त्याच्यामागे वसईत तीन बहिणी लग्नाच्या. सुरेश साहेबांकडे गेला आणि आपलं नाव काढून हर्बर्टचं घालायला सांगितलं. सुरेशला फुजैराच्या साइटवर टाकलं गेलं, सुट्टीला तो देराच्या खोलीवर येई, आणि नशिबाने तोही टिकला. खोटं तो बोललाच नव्हता. पुण्याला पोचलेलं वाक्य त्याने फक्त परत मागवलं नाही.

हर्बर्ट परतला तो सरळ म्हणाला, "सीट तुझी होती. गावही तूच ठेव." पुढे स्वतःच्या लग्नात त्याने सुरेशचं फुजैरा आपल्या नावावर घेतलं. कंपनी दोन-चार वर्षांत बंद पडली, सोबतचे पांगले, आणि वाटणी पक्की झाली.

"ओके. नाऊ द सरप्राइज," आभा म्हणाली. "मी इवानोसेच्या सिटी ऑफिसला मेल केला होता. तिथल्या एका बाईंनी जुने आल्बम शोधून हा पाठवला."

टीव्हीवर फोटो उघडला. किल्ल्यापुढे चार जपानी माणसं ओळीने उभी. बाजूला कमरेत वाकलेली एक म्हातारी. मधोमध एकजण सामुराईच्या पूर्ण चिलखतात. डोक्यावर शिंगांचं शिरस्त्राण, चेहऱ्यावर काळा मुखवटा, दिसत होते ते दोन डोळे. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: भारताहून आलेले आमचे मित्र, वसंतोत्सव, १९९३.

सुरेशने चहाचा कप खाली ठेवला. हर्बर्टच्या चौदा पत्रांत चिलखताचा शब्द नव्हता.

विभावरी उठून टीव्हीजवळ गेली. तिने त्या मुखवट्यावर बोट ठेवलं.

"अहो! आणि हे कधी सांगितलं नाहीत?" ती म्हणाली. "चेहरा झाकला म्हणून काय झालं. डोळे कुठेही ओळखेन मी."

सुरेशने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पण परत घातला नाही. बत्तीस वर्षं जी बाई त्याच्याबरोबर राहिली होती, ती दुसऱ्याच्या डोळ्यांकडे मायेने बघत होती.

"विभा, ऐक जरा," तो म्हणाला. "हा फोटो माझा—"

"लाजतोय तो," हर्बर्ट मध्येच म्हणाला. "वेश घेऊन नाचलेला कुणाला दाखवायचा नव्हता त्याला. मोठा साहेब व्हायचं होतं ना."

"सो क्यूट, बाबा! अँड हू इज द ओल्ड लेडी?"

सुरेशने डोळे बारीक करून म्हातारीकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं.

"मिठाईवाली," हर्बर्ट म्हणाला. "पाचचं गाणं लागलं की ही दुकान आवरायची. उरलेली एक मिठाई ठेवून द्यायची, चेरीच्या पानात गुंडाळलेली. पान खारवलेलं असतं. पहिल्या दिवशी सोलून टाकायला गेलो, तर हातावर चापट मारली तिने. पानासकट खायचं म्हणे. शेवटच्या दिवशी स्टेशनवर आली होती, एवढ्या पावसात..." तो थांबला. बशीतल्या अळूवडीकडे पाहत राहिला. "असं तूच सांगितलं होतंस रे. देरात. विसरलास?"

"विसरलो," सुरेश म्हणाला.

सुझी इतका वेळ टीव्हीकडे फारशी बघत नव्हती. जपान तिने पुष्कळ ऐकलं होतं. आता तिने मान वर केली. चिलखतातल्या माणसाचा डावा पाय आत वळला होता, आणि उजव्या हाताने त्याने स्वतःचं डावं मनगट धरलं होतं, नाडी बघत असल्यासारखं. लग्नात चर्चच्या अल्तारासमोर हर्बर्ट असाच उभा होता. मुलांच्या शाळेच्या ऑफिसात, व्हिसाच्या रांगेत, सासऱ्यांच्या शवपेटीशी, असाच.

तिने तोंड उघडलं.

"सुरेश," ती म्हणाली, "तुला चिलखत शोभतं हां."

आणि तिने आपल्या बशीतल्या दोन अळूवड्या नवऱ्याच्या बशीत सरकवल्या. विभावरीने फोटो पुण्याच्या बहिणींना पाठवायला सांगितला.

परतताना शारजाच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या. ऊन अजून होतं. अर्धा तास सुझी गप्प बसली, जे यापूर्वी कधी घडलं नव्हतं.

"जड होतं का रे ते?" तिने विचारलं.

हर्बर्टने कशाबद्दल, असं विचारलं नाही. पुढच्या गाडीकडे बघत तो म्हणाला, "दिसायला. होतं पुठ्ठ्याचं. आत घाम मात्र खऱ्यासारखा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या पोटात राहिलं असतं?"

तिने जरा विचार केला. "नसतं राहिलं," ती म्हणाली. "सांग आता."

तो सांगू लागला. सुरेशसारखं त्याला जमत नव्हतं. सवय मोडली होती. किल्ला टेकडीवर आहे हे सांगायचं राहिलं आणि खंदक दोनदा आला. खोलीमागच्या कालव्यातले लाल मासे, शेजाऱ्याने शिकवलेलं अंघोळीचं शिस्तशीर प्रकरण, आणि पाचच्या गाण्याला त्याला आलेली वसईच्या चर्चच्या घंटेची आठवण. त्या गाण्यात देरातली खोली सुरेशने मागाहून घातली होती. रोल्लातलं घर आलं, त्याने गाडी लावली, तरी दोघे आत बसून राहिले.

तर शेवटी कुणाचं काय झालं? सुरेशचं गाव शाबूत राहिलं, वर एक चिलखत चढलं. विभावरीला तिने ओळखलेले डोळे मिळाले. हर्बर्टला बत्तीस वर्षांनी ऐकणारं माणूस मिळालं. आणि किंमत भरली सुझीने. पहिला हप्ता तिथेच, पार्किंगमध्ये गेला: वसईहून तिच्या बहिणीचा, क्रिस्टिनाचा फोन आला, काय विशेष म्हणून. सुझीने नवऱ्याकडे पाहिलं, ओठ आवळले.

"विशेष काय असणार," ती म्हणाली. "जेवायला गेलो होतो."