इद्वालचं मुकं गाणं

आमच्या गावातल्या पुरुषांना आजारी पडायची लाज वाटते, पण सरावाला दांडी मारायची त्याहून जास्त. वेल्समधल्या खाणी बंद पडल्या, पुरुषांचे गायनवृंद काही बंद पडले नाहीत. माझा नवरा इद्वाल आमच्या वृंदात पहिल्या रांगेत, सगळ्यात वरच्या पट्टीत गातो. लग्न ठरलं तेव्हाच सासूबाईंनी मला बजावलं होतं, की नवरा तुझा, पण मंगळवार सोडून.

तर त्या मंगळवारी चॅपलमध्ये सराव चालू होता आणि मी मागच्या खोलीत चहाचं बघत होते. ऑगस्टमधली स्पर्धा तोंडावर आलेली, त्यामुळे सगळे जीव तोडून गात होते. किटली हातात घेतली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. इतक्या बाप्यांच्या गलक्यातही मला माझ्या माणसाचा आवाज कळतो, हसायचं त्यांनी खुशाल हसावं. तो आवाजच नव्हता. दारातून डोकावले तर इद्वाल उभा, मान डोलावतोय, तोंड उघडतोय, मिटतोय. आवाजाचा पत्ता नाही. बाकीच्यांच्या सुरात कुणाला काय कळणार!

घरी आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. आधी घसा बसलाय म्हणाला. मग कॉफी जास्त झाली म्हणाला. मी हलेना, तेव्हा खुर्चीत बसला आणि खरं बोलला. वसंतापासून छातीत फडफड होत होती. सुरुवातीला घटकाभर व्हायची, आता तासन्‌तास थांबत नव्हती. दम पुरत नव्हता, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. म्हणून साहेबांनी युक्ती काढली. नुसतं तोंड हलवायचं, म्हणजे रांगही भरलेली दिसते आणि सूरही बिघडत नाही.

"डॉक्टरकडे का नाही गेलास?"

"ते गाणं बंद करायला सांगतील, नेस्टा. मग मी काय उरलो?"

मला असा संताप आला, की त्याचा हात खसकन ओढला आणि मनगटावर बोटं ठेवली. नाडी धावत होती, मध्येच थबकत होती, पुन्हा घाईघाईने दोन-तीन ठोके. दारू प्यायलेला माणूस जिना उतरतो तशी. माझा संताप कुठल्या कुठे गेला. मी त्याचा हात धरून रडले, आणि तो उलट मलाच समजावत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही दारात. डॉक्टर लौरी आमच्याच गावची, इद्वालच्या हाताखाली रविवारच्या शाळेत शिकलेली. तिने नाडी पाहिली, छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. मग खुर्ची जवळ ओढून नीट सांगितलं. एखादा ठोका चुकणं, घाबरल्यावर धडधडणं हे पुष्कळांना होतं, लगेच शांत झालं तर भ्यायचं कारण नाही. पण फडफड थांबत नसेल, किंवा सारखी परत येत असेल, दम लागत असेल, चक्कर येत असेल, तर दाखवायला यायचंच. आणि छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर तिच्याकडेही यायचं नाही, सरळ अँब्युलन्स बोलवायची.

इद्वालचं लक्ष भलतीकडेच. "मग गाणं?" त्याने विचारलं.

"गाणं कोण बंद करतंय काका? औषधाने ठोके ताळ्यावर आले, दम यायला लागला, की गा की," लौरी म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. "पण हृदय असं वेडंवाकडं चाललं की आत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर कधीकधी माणसाची वाचाच जाते. तुमचा आवाज गेला असता तर तो या लपवाछपवीपायी. म्हणून रक्त पातळ करायची गोळी आजपासूनच."

त्याने औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. आम्ही गाडीत बसलो. रात्रभर मी त्याला सुनवायला काय काय जमवून ठेवलं होतं, पण त्याचा चेहरा पाहून तोंड उघडवेना.

मग समोर बघतच तो म्हणाला, "नेस्टा."

"काय रे?"

"काही नाही."

जरा वेळाने पुन्हा, "नेस्टा." घर येईपर्यंत तो नुसतं माझं नाव घेत राहिला, आणि मी दर वेळी ओ देत राहिले.