तेरमिनास घराण्याची तळटीप

ग्रेगरी तेरमिनास वाटूरला पहिल्यांदा आला तेव्हा मनीषा आरमने परतूरच्या कोर्टात नुकतीच वकिली करायला लागली होती. जन्मानं कोलकात्याचा, राहायला लंडनला, साठीचा गोरा माणूस दारात उभा राहून मोडक्या हिंदीत म्हणाला, "आरमने कौन है? हम आपके रिश्तेदार हैं." मनीषाच्या वडलांनी, त्रिंबकनं, त्याला आधी पाणी दिलं आणि मग मिठी मारली.

नातं खरंच होतं. गालुस्त तेरमिनास नावाचा आर्मेनियन व्यापारी पावणेदोनशे वर्षांपूर्वी जालन्याच्या इंग्रजी छावणीला घोडे आणि लोकर पुरवायचा. लोकर घेता घेता मल्हारी धनगराच्या मुलीशी, सोनूबाईशी, त्याची गाठ पडली. गालुस्त पुढं कोलकात्याला निघून गेला, आणि त्यांचा मुलगा अवेत वाटूरला मामांच्या मेंढरांमागं वाढला. लोकांनी 'अर्मनीचा, अर्मनीचा' म्हणत त्या घराला आरमने करून टाकलं. त्रिंबकला सगळ्या पिढ्या तोंडपाठ होत्या. लग्नाकार्यात कुणी विषय काढला, की तो अवेतपासून सुरुवात करायचा आणि मनीषापर्यंत येऊनच थांबायचा.

ग्रेगरी चार दिवस राहिला. मनीषाच्या आईनं, आशाबाईनं, रोज त्याच्यासाठी कमी तिखटाचं वेगळं कालवण केलं. तो घराण्याची वंशावळ लिहीत होता. जाताना त्रिंबकनं घरातलं जुनं आर्मेनियन प्रार्थनेचं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. त्याच्या पहिल्या पानावर गालुस्तनं स्वतः अवेतचा जन्म लिहिला होता.

"तुम सबका नाम आएगा," ग्रेगरी म्हणाला.

दोन वर्षांनी त्याचं पुस्तक टपालानं आलं. जाडजूड, गुळगुळीत कागदाचं. नामवंत वंशजांचं वेगळं प्रकरण होतं: हायकोर्टाचा एक जज, रंगूनचा सर्जन, घोड्यांच्या शर्यती मारलेला एकजण, पियानो वाजवणारी एक बाई. त्रिंबक चष्मा लावून पानं उलटत राहिला.

"आपलं कुठंय, मनीषा?"

एकतिसाव्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात होतं. जालन्यात गालुस्तची एक देशी मोलकरीण होती. तिकडचे काही मेंढपाळ आज नातं सांगतात, त्याला आधार नाही. शेजारी प्रार्थनेच्या पुस्तकाचा फोटो होता, फक्त वरच्या कव्हरचा. खाली छापलं होतं, 'लेखकाच्या संग्रहातून.'

तिनं वडलांना ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. खोटं बोलता आलं असतं, हे नंतर सुचलं. त्रिंबकनं पुस्तक मिटलं आणि हात धुवायला गेला. पण पुस्तक येणार म्हणून त्यानंच गावभर सांगितलेलं, त्यामुळे कळायचं ते कळलंच. माणसं त्याला 'काय सायेब' म्हणून हाक मारायला लागली. त्यानंतर तो कुठल्या लग्नाला गेला नाही. वर्षाच्या आत वारला.

मनीषानं ग्रेगरीला एक शब्द वाईट लिहिला नाही. साक्षीदाराला आधी मोकळेपणानं बोलू द्यायचं आणि मग कागद काढायचा, हे ती कोर्टात शिकली होती.

कागद मिळायला चार वर्षं लागली. छावणीच्या पादऱ्यानं ठेवलेल्या नोंदवहीची नक्कल लंडनच्या एका दप्तरखान्यात निघाली. तिनं सही-शिक्क्याची प्रत मागवली. ९ फेब्रुवारी १८४१, लग्न: गालुस्त तेरमिनास, अविवाहित, सोना, मल्हारीची मुलगी, बाप्तिस्म्याचं नाव सोफिया. त्याच नोंदींमध्ये १८७१ सालचं सोफियाचं दफन होतं, 'गालुस्तची पत्नी' म्हणून. आणि ग्रेगरीच्याच पुस्तकाप्रमाणे गालुस्तचं कोलकात्याचं लग्न १८४६ चं. जज, सर्जन, पियानोवाली, खुद्द ग्रेगरी, सगळे त्या लग्नातून आलेले.

मग तिनं पत्र लिहिलं. "काका, दुसरी आवृत्ती निघतेय असं कळलं. वंशावळीत कुणाला घ्यायचं त्याचा नियम प्रस्तावनेत साफ लिहा, म्हणजे कुणीही उठून नातं सांगणार नाही."

ग्रेगरी खूश झाला. चर्चमध्ये नोंदलेल्या लग्नाचीच संतती धरली जाईल, असं त्यानं छापलं. रंगूनच्या एका चुलतभावाला वगळायचं होतं, म्हणून स्वतःहून आणखी एक ओळ घातली: पहिली पत्नी हयात असताना केलेलं दुसरं लग्न धरलं जाणार नाही.

यंदाच्या जानेवारीत गालुस्तचं जुनं गाव बघायला आणि दुसऱ्या आवृत्तीच्या प्रकाशनाला सव्वीस तेरमिनास जालन्यात जमले. हॉल, गाड्या, जेवण, सगळं मनीषानं बराबर लावून दिलं होतं. पुस्तकाचं प्रकाशन झालं आणि आभार मानायला ग्रेगरीनं तिलाच उभं केलं. तिनं इंग्रजीत आधी प्रस्तावनेतला नियम वाचला, सावकाश, दोनदा.

"हा नियम तुम्हीच लिहिलाय ना, काका?"

"हो."

"कोलकात्याचं लग्न १८४६ चं, हेही तुमचंच?"

"हो, पान एकतीस." तो अजून हसत होता.

तिनं लग्नाची नोंद वाचली. मग दफनाची, १८७१ ची. प्रती टेबलावरून सगळ्यांच्या हातात गेल्या. ग्रेगरीनं त्याची प्रत डोळ्यांजवळ नेली आणि तारखेवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली.

पहिल्या रांगेत आनुश नावाची ऐंशीची म्हातारी होती, जजची नात. तिनं हळूच विचारलं, "मग आम्ही कोण?"

"तळटीप," मनीषा म्हणाली.

ग्रेगरी तिला व्हरांड्यात गाठून म्हणाला, "मी नियम काढून टाकतो. तुझ्या वडलांचं नाव पहिल्या पानावर घेतो."

"त्यांनी विचारलं होतं तेव्हा घ्यायचं होतं," ती म्हणाली. "आता नियम राहू द्या. तो मोडलात तर का मोडलात, हे या सव्वीस जणांना मी एकेक पत्र लिहून कळवीन."

पुस्तकाची एकही प्रत कुणी सोबत नेली नाही. महिन्याभरात ग्रेगरीनं सगळी आवृत्ती मागं घेतली. घरच्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, असं कळलं. त्या दिवशी मनीषा बऱ्याच वर्षांनी पोटभर जेवली.

"त्या म्हातारीनं काय केल्तं तुझं?" आशाबाईनं विचारलं.

"कायी न्हाई."

"मंग?"

"बाबानं तरी त्यांचं काय केल्तं, आई?"

आशाबाईनं तिच्या ताटात आणखी भात वाढला.

आनुशचे आता फोन येतात, रविवारी सकाळी. तिला वाटूरला येऊन सोनूबाईचं माहेर बघायचंय, असा निरोपही तिनं पाठवलाय. मनीषा स्क्रीनवरचं नाव वाचते. फोन वाजून बंद होईपर्यंत तो हातातच धरून बसते, आणि उचलत नाही.