मानेवरचा केस

शनिवार पेठेतल्या ताजबीच्या हातात केसांचा गुंता दिला, की डोळे मिटून ती सांगायची, हा कपाळाकडचा, हा कानामागचा, हा मानेवरचा. बायका विंचरताना गळालेले केस खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत साठवायच्या आणि पिशवी भरली की तिच्याकडे आणायच्या. ती ते धुऊन, सोडवून, मुळाकडची टोकं एका बाजूला लावून अंबाड्यात घालायचं गंगावन वळायची. जिचे केस, तिलाच तिचं गंगावन. दुसरीचा एक केस त्यात मिसळायचा नाही, हा तिचा नेम.

आता गंमत अशी, की हा नेम तिला स्वतःपुरता पाळता आला नव्हता. पस्तिशीपासून तिच्या टाळूवरचे केस विरळ होत गेले आणि पुढं तळहाताएवढी जागा उघडीच पडली. पदराखालचा तो भरगच्च अंबाडा म्हणजे कुणी न्यायलाच न आलेलं गंगावन होतं. हे ठाऊक असलेला एकच माणूस, तिचा नवरा इलाही. रोज सकाळी तोच मागून आकडे खोचून द्यायचा. चार वर्षांपूर्वी तो वारला.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर हातकणंगल्याच्या बनाबाई आल्या. जुनं गिऱ्हाईक. भांग चांगला दोन बोटं रुंद झालेला. या खेपेला त्यांच्याकडे पिशवी नव्हती, बातमी होती.

"ताजबी, तिकडं लांब पुण्यात एक डॉक्टर केस लावतोय म्हनं. मानंवरचं काढतोय आनि म्होरं लावतोय. मालक व्हय म्हनल्यात. चाललोय आमी."

ताजबीच्या हातातली फणी थांबली. "लावतोय म्हंजे? चिकटवतोय?"

"न्हाय गं. मुळासकट, चामडीसकट. मसुरीएवढा तुकडा काढायचा, म्होरं भोक पाडून त्यात बसवायचा. जागा बधिर करतोय, दुखत न्हाय म्हनं."

"आनि मानंवर टक्कल पडंल, त्याचं?"

"वरचं केस झाकत्यात."

"आनि केस बसवतोय त्यो कुनीकडं तोंड करून?"

"मला काय ठावं!"

"इचारा की वैनी! उलटा बसला तर जल्मभर डोळ्यांत यील."

बनाबाई गेल्यावर ताजबीनं दार लावलं, आरशासमोर बसून पदर सारला आणि स्वतःची मान चाचपली. तिथले केस दाट आहेत की नाहीत, काही नीट कळेना. गावच्या डोक्यांचा केस न् केस ओळखणारी बाई स्वतःच्या मानेपाशी अडाणी ठरली. लावलेला केस खरंच धरतो का, एवढंच तिला हवं होतं. धरत असेल तर आपणही जायचं. नसेल तर हा नाद कायमचा सोडायचा.

दोनेक महिन्यांनी बनाबाई आल्या त्या रडतच. त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत चिमूटभर आखूड केस.

"पडलं गं समदं! ह्याचं गंगावन कर, न्हायतर चुलीत घाल."

वाईट ताजबीलाच जास्त वाटलं आणि त्याची तिला लाजही वाटली. "डॉक्टर काय म्हनला हुता?"

"निघताना लई बोलला. पर डोस्क्याला कानासकट पट्ट्या बांधल्या हुत्या, मला काय ऐकू येतंय? मी आपली मान हलवली."

"आनि मालक?"

"मालक भाईर. बायकांच्या केसांचं काय ऐकायचं, म्हनून बिडी वडत बसलं हुतं."

ताजबीला हसू फुटलं. "म्हंजे डॉक्टर काय बोलला त्ये कुनालाच ठावं न्हाय! आधी कार्ड टाका त्याला."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. लावलेले केस आधी गळतात, मूळ आत राहतं, तीन-चार महिने धीर धरा. बनाबाईंचा त्यावर विश्वास बसला नाही. ताजबीचा अर्धा बसला आणि त्या अर्ध्यानंच तिला चैन पडेना. दर पंधरवड्याला ती हातकणंगल्याची गाडी पकडायची, बनाबाईंना अंगणातल्या पायरीवर उन्हात बसवायची आणि त्यांच्या कपाळावरून बोट फिरवायची. त्यांचे मालक गणपतराव गोठ्यातून ओरडायचे, "उगवलं काय?"

"न्हाय अजून!"

होळी झाली आणि एका दुपारी तिचं बोट अडलं. तिनं डोळे मिटले. खरखरीत, जाड, हट्टी. कपाळाकडचा केस असा नसतो.

"वैनी, मानंवरचाच हाय! रुजला की वो!"

बनाबाईंनी आरसा आणला. खराट्याच्या काड्यांसारखे उभे, इवलेसे झुबके होते, पण होते. त्या हसल्या, रडल्या आणि मग ताजबीकडे बघत राहिल्या.

"तुझा धंदा बुडायची येळ, आनि नाचतीस काय गं?"

ताजबीनं पदर खाली सारला. एकेक आकडा काढून पायरीवर ठेवला, अंबाडा सोडवून मांडीवर घेतला आणि बनाबाईंकडे पाठ केली.

"मानंवर हाय काय बघा. मला माझं कळत न्हाय."

बनाबाई दचकल्या. मग त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि केसांतून सावकाश बोटं फिरवू लागल्या. इलाही गेल्यापासून त्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. ताजबीला एकदम भरून आलं. निकाल काय लागायचा तो लागू दे, पण हा हात इतक्यात निघू नये, असं तिला वाटलं.

"हाय की गं. चांगलं दाट हाय," बनाबाई म्हणाल्या. हात तसाच ठेवून त्यांनी पुढं सांगितलं, "पर पट्ट्या बांधायच्या आत डॉक्टरला बोलाय लाव. ऱ्हाऊ दे, मीच येतो संगं."