दादाच्या खुणा

शनिवारी दादा आणि वहिनी कायमचे मुलीकडे राहायला जाणार होते. त्याआधी दादाला त्याची मोटरसायकल एकदा तरी सुरू झालेली ऐकवायची, असं मी मनाशी धरून बसलो होतो. माझी लायकी काय, तर जन्मभर पुस्तकांची मुद्रितं तपासली. सायकलची चेनसुद्धा दादाच बसवून द्यायचा.

तो चाळीस वर्षं मेकॅनिक होता. पक्षाघातानंतर त्याचा उजवा हात गेला आणि तोंडात एकच शब्द उरला, "बरं." मागच्या खोलीत खुर्चीवर बसून तो माझं काम बघायचा.

मी इंजिन खोललं. एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला, घासला, पाकिटात घालून वर नाव लिहिलं.

"भावजी, इंजिन जोडताय की वाचनालय काढताय?" वहिनी म्हणाली.

"जोडतोय हो."

"मग हात चालवा. नुसती पाकिटं भरून गाडी हलायची नाही."

शुक्रवारी दोन गिअरपाशी गाडं अडलं. त्यांच्यावरच्या खुणा समोरासमोर आणूनच ते बसवायचे, एक दात चुकला तरी इंजिन सुरू होत नाही, असं मी वाचलं होतं. खुणा काही दिसेनात.

"दादा, असा बसवू?"

"बरं."

"की असा?"

"बरं," तो म्हणाला, पण डावा हात पुढे केला.

मी एक गिअर त्याच्या तळहातावर ठेवला. तो अंगठ्याने दातांच्या कडेला काहीतरी चाचपू लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मूळच्या खुणा केव्हाच झिजल्या असणार. म्हणून दादाने स्वतःच तिथे तिरके ओरखडे काढून ठेवले होते. मंगळवारी मी ते साधे चरे समजून पॉलिश पेपरने घासून काढले होते. चकाकी आली म्हणून खूशही झालो होतो.

"राहू दे, दादा," मी म्हणालो.

त्याने गिअर खिडकीच्या उजेडात धरला, फिरवला, पुन्हा चाचपला. मग स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला. खूण तिथेच आहे, आपल्या बोटालाच आता कळत नाही, असं त्याला वाटत होतं.

सांगायला हवं होतं. मी "दादा" म्हणालो, आणि हातातला दुसरा गिअर फडक्याने पुसू लागलो.

त्याने अंगठा सदऱ्याला पुसला आणि पुन्हा पहिल्या दातापासून सुरुवात केली.